बर्नीचा पिकलेला गहू

स्कोफिल्ड्स, सिडनी
३ ऑगस्ट २०२५

ती. वन्सं,

साष्टांग घालायचा तर गुडघे परवानगी देत नाहीत, म्हणून उभ्यानेच नमस्कार.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. पोस्टमन हल्ली एक दिवसाआड येतो, त्यामुळे पत्रपेटीकडे माझ्या फेऱ्या वाढल्यात. तनय म्हणतो, "आई, आत्याला सरळ फोन लाव ना, कशाला लिहीत बसतेस?" आता त्याला काय सांगू? फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं, आणि तेही स्पीकरवर, म्हणजे तुमच्या वेदला, त्याच्या बायकोला आणि ओट्यापाशी जे कोण असेल त्याला. आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की आमच्या सूनबाईला, अस्मिताला दिवस राहिलेत. चौथा लागलाय. गेल्या वर्षी तिसऱ्यात गेलं होतं, तेव्हा या वेळी आम्ही तोंडाला कुलूप लावलं होतं. घराबाहेर पहिल्यांदा तुम्हालाच कळवतेय. पण पोरीच्या अंगात रक्त नाही. हिमोग्लोबिन नऊ. लोहाची गोळी घेतली की अर्ध्या तासात उलटी. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून काम करते आणि जिना चढताना मध्येच थांबते. मला बघवत नाही.

म्हणून मी गव्हांकुराचा रस काढायचं ठरवलं. आठवतं ना, आमच्या कोथरूडच्या कॉलनीत निम्मे लोक सकाळी हिरवा पेला हातात घेऊन फिरायचे? पण इथे जमत नाहीये. गॅरेजमध्ये गरम पाण्याच्या टाकीशेजारी केक भाजायचे अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे मांडले, तळाला नारळाचा भुसा, वर इंडियन ग्रोसरीतले गहू. थंडी अशी की चार दिवस कोंबच नाही, आणि पाचव्या दिवशी कोंबाआधी पांढरी बुरशी. दोनदा सगळं बिनमध्ये गेलं. मला तर घाई आहे. आठवड्याला दोन ट्रे निघाले तर तिला रोज पेलाभर रस मिळेल.

तुमच्या हॉर्शमला तर दाराबाहेर गव्हाचीच शेतं. तिकडचा जोमाचा, लवकर उगवणारा गहू मिळाला तर पाठवाल का? चार किलो पुरे. बावीस सप्टेंबरला घट आहेत, उरला तर घटालाही होईल. तुमच्या भावाच्या घरचा घट आहे, त्याला तुमच्याकडचा गहू असला तर त्यांनाही बरं वाटेल, जिथे असतील तिथे.

तुमची,
चित्रलेखा

०

हॉर्शम, व्हिक्टोरिया
१२ ऑगस्ट २०२५

चि. चित्रलेखा,

आशीर्वाद तुला, आणि जास्तीचे त्या पोरीला. बातमी वाचली आणि देवापुढे साखर ठेवली. तिला जिने चढू देऊ नकोस. लॅपटॉप खाली आणून द्यायला तनयला हात आहेत की नाहीत?

गव्हाचं काम झालं. आमच्या वस्तीच्या टोकाला बर्नी म्हणून शेतकरी आहे, माझ्याच वयाचा, म्हणजे पंचाहत्तरीचा. रस्त्यात भेटला की टोपी काढतो, म्हणून मला आवडतो. वेद कामावर होता. त्याची वाट बघत बसले असते तर तुझा नातू शाळेत गेला असता, म्हणून मी एकटीच गेले. सांगितलं, "व्हीट. फॉर ग्रोइंग. व्हेरी फास्ट." त्याने शेडमधून पेरणीचा उरलेला गहू डबा भरून आणला आणि म्हणतो कसा, "पिकलं."

मी म्हटलं, काय? तर पुन्हा तेच. "इट्स पिकलं, लव्ह." अगं, कान गेले असले तरी मराठी कळतं मला. या माणसाला हा शब्द कुठून मिळाला कोण जाणे, वेदच्याच तोंडून कधी ऐकला असेल. मी म्हटलं, "येस येस, पिकलं. व्हेरी गुड." त्यावर तो बोट वर करून आणखी बरंच काही सांगत होता, पण माझ्या कानातल्या मशीनची बॅटरी बसलेली. मी मान हलवली आणि निघाले. वेदला सांगितलं तर तो अर्धा तास हसला.

डबा आइस्क्रीमचा आहे, झाकण बर्नीनेच टेपने गच्च बसवलंय. मी उघडला नाही. सांडला तर सूनबाई व्हॅक्यूम घेऊन माझ्या मागे लागते. तसाच पोस्टात टाकलाय. आधी घटापुरता बाजूला काढून ठेव, मग रसाचं बघ. तू नेहमी उलटं करतेस.

नीरजा

०

स्कोफिल्ड्स
२१ ऑगस्ट २०२५

ती. वन्सं,

डबा पोचला. झाकणावर जाड मार्करने इंग्रजीत "पिकल्ड" लिहिलंय. म्हणजे आइस्क्रीम संपल्यावर बर्नीने त्यात लोणचं घातलं आणि लोणचं संपल्यावर गहू. आपल्याच घरातला डबा वाटला मला. वास मात्र लोणच्याचा नव्हता, जरा औषधी होता.

आणि मग आत बघितलं. दाण्यादाण्याला लाली. वन्सं, मी गॅरेजच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले. तुम्ही पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीत, तेव्हा मीही त्यावर बोलू नये अशी तुमची इच्छा असणार. नाही बोलत. पण एकदाच सांगते आणि मग विषय बंद. वेदच्या लग्नात करंडा माझ्यापुढून निघून गेला होता, ते मी आजपासून विसरले.

गहू धुतले नाहीत. कसे धुणार? तसेच भिजवले. सकाळी पाणी छान गुलाबी झालं होतं. दाणे पसरले, वर ओलं फडकं, दिवसातून तीनदा फवारा. आज दुसराच दिवस आणि पांढरी टोकं बाहेर. गीझरशेजारची ऊब आणि तुमचा गहू, दोघांनी मिळून माझं काम सोपं केलं. अस्मिताला दाखवलं तर म्हणाली, "आई, तुम्ही सिरियस आहात याबद्दल." मी म्हटलं, तुझ्या रक्ताबद्दल मी सिरियसच आहे. घटापुरता आधी काढून ठेवलाय. ऐकते मी तुमचं, तुम्हाला पटत नाही एवढंच.

चित्रलेखा

०

हॉर्शम
२९ ऑगस्ट २०२५

चि. चित्रलेखा,

पत्र येऊन तीन दिवस झाले. वाचलं आणि देवाच्या पुस्तकाखाली ठेवून दिलं. करंड्याचं तू काढलंस. त्यावर मला आत्ता लिहिता येत नाही. लिहीन कधीतरी. विसरले म्हणालीस, तेवढ्याने मला झोप लागली हे खरं.

लाली म्हणतेस ती मातीची असेल. इथली माती लालच आहे, वेदच्या पांढऱ्या शर्टाचं बघ काय होतं ते. धुतले असतेस तरी चाललं असतं. पण तुला जिथे तिथे रडायला निमित्त लागतं, माझा भाऊ भास्कर म्हणायचाच.

परवा बर्नी भेटला. गहू उगवला का विचारलं. मी म्हटलं, हो, सिस्टर-इन-लॉ, सिडनी, व्हेरी फास्ट. खूश झाला. मग कोंबड्यांचं काहीतरी म्हणाला. "नॉट फॉर द चूक्स" असं. मी म्हटलं, आमच्याकडे कोंबड्या नाहीत बाबा. त्याने हसून टोपी घातली. इतका चांगला माणूस आहे, पण त्याच्या डोक्यात कोंबड्या, मेंढ्या आणि पाऊस, चौथं काही नाही.

रस अनुशापोटी देतेस ना? वर साखर घालू नकोस. आणि तूही घे थोडा, सत्तरी आली तुझी.

नीरजा

०

स्कोफिल्ड्स
७ सप्टेंबर २०२५

ती. वन्सं,

मातीची लाली म्हणे. लपवायचं तर नीट लपवावं माणसाने. बरं, मातीची तर मातीची.

गव्हांकुराचं विचाराल तर थाटच वेगळा आहे. तिसऱ्या दिवशी कोंब, सहाव्या दिवशी वीतभर. कात्रीने कापायचे, मिक्सरला लावायचे, पंच्यातून पिळायचे. बुरशीचा एक ठिपका नाही. ग्रोसरीच्या गव्हाला मुंग्या लागायच्या, या ट्रेकडे एक मुंगी फिरकत नाही. मी अस्मिताला म्हटलं, बघ, मुंग्यांनाही कळतं हे कुणासाठी आहे ते. ती रोज सकाळी पेला घेऊन मागच्या दारात उन्हात बसते आणि रिकामा पेला धुऊन पालथा घालते. एक दिवस चुकवलेला नाही. तोंडावर तजेला आलाय. डॉक्टरीणबाईंनी नवीन औषध दिलंय, त्याचा गुण म्हणतात. म्हणू देत. तुम्ही सांगितलंत म्हणून मीही अर्धा पेला घेते.

एक वाईट झालं. खाली सांडलेले दाणे मी मागच्या कुंपणाशी टाकले होते. शेंडीवाली कबुतरं येतात ना इथे, उडताना पंखांची शिटी वाजवणारी, ती टिपायला आली. दुसऱ्या दिवशी दोन पडलेली होती, पाय वर. शेजाऱ्याने उंदरांचं औषध टाकलं असणार. नवी वस्ती, चहूकडे खोदकाम, उंदीर फार झालेत. तनयने पिशवीत भरून टाकली.

अक्षराबद्दल माफ करा. उजव्या हाताला हल्ली कापरं भरतं. गॅरेजमध्ये उकिडवं बसून अंग आखडतं, त्यातलंच. जिभेला पण चव नाही, सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतं.

भिजवलेल्या गव्हाचं पाणी मात्र मी मोरीत ओतत नाही. मन होत नाही. त्याचं काय करते ते सांगणार नाही, तुम्ही हसाल.

चित्रलेखा

०

हॉर्शम
१४ सप्टेंबर २०२५

चित्रलेखा,

आज आशीर्वाद शेवटी.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा भिंगाने, कारण ओळी खाली घसरत गेल्यात. तुझं अक्षर म्हणजे शाळेतल्या फळ्यावरचं, चाळीस वर्षं बघतेय मी. हे तुझं अक्षर नाही. उकिडवं बसून अक्षर बिघडत नाही. डॉक्टरकडे जा. तनयला वेळ नसेल तर टॅक्सी कर.

पाण्याचं काय करतेस? मी हसणार नाही. सरळ लिही. आणि लाली, लाली म्हणतेस ती कसली? मी मस्करीत माती म्हटलं, पण मी डबा उघडलाच नव्हता हे तुला लिहिलं होतं. तू वाचतेस की नुसतीच रडतेस?

मला आत कुठेतरी बरं वाटत नाहीये. कबुतरांचं वाचल्यापासून. वेद चार दिवसांसाठी मिल्ड्युराला गेलाय, नाहीतर त्याला फोन करायला लावला असता. सूनबाईला सांगितलं, ती म्हणाली, "आई, यू वरी टू मच." असेल.

लगेच उत्तर धाड.

आशीर्वाद.
नीरजा

०

स्कोफिल्ड्स
१९ सप्टेंबर

वन्सं,

थोडकं लिहिते. पेन धरवत नाही. दोनदा खाली पडलं, अस्मिताने उचलून दिलं.

तुम्ही विचारता म्हणून सांगते. तुम्ही कबूल करणार नाही हे मला ठाऊक होतं, तुमचा स्वभावच तो. तुम्ही गव्हाला कुंकू लावून पाठवलंत. चार किलो गव्हाच्या दाण्यादाण्याला. किती बसला असाल चोळत.

हे गेले त्यानंतर मला कुणी कुंकू लावलं नाही. मी मागितलंही नाही. टिकली लावते मी माझी, मला त्याचं काही नाही. पण वेदच्या लग्नात तुम्ही ओळीने सगळ्यांना लावत आलात. माझ्याआधीच्या बाईला लावलंत, मी मान पुढे केली, आणि करंडा पुढे गेला. माझी मान तशीच राहिली वन्सं. फोटोत आलीय. अल्बममध्ये बघा, मी मान वाकवून उभी आहे आणि समोर कुणी नाही.

त्यामुळे ते कुंकवाचं पाणी मोरीत कसं ओतू? ट्रे लावायच्या दिवशी पेलाभर तीर्थ म्हणून घेते. आत्तापर्यंत सात ट्रे झाले. आता हसा.

पाय जरा लटपटतात. सोमवारी घट बसवला की डॉक्टरकडे जाते, वचन. घटाला तुमचाच गहू.

चित्रा

०

हॉर्शम
२४ सप्टेंबर २०२५

चित्रा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तुला सगळं कळलेलं असेल. तुझं पत्र आज सकाळी आलं. मी ते हातात घेऊन वेदच्या खोलीत गेले, चपलांसकट. त्याला वाचून दाखवलं. कुंकू शब्द आला तसं मी म्हटलं, अरे, मी कसलं कुंकू लावलं? मी तर डबाच उघडला नाही. आणि बर्नी "पिकलं" म्हणाला होता ते पुन्हा सांगितलं, झाकणावर काय लिहिलं होतं तेही सांगितलं. त्या दिवशी अर्धा तास हसलेला माझा मुलगा एकदम उभा राहिला.

इकडे पेरायच्या गव्हाला औषध चोळतात. कीड आणि बुरशी लागू नये म्हणून. ते औषध लावलेल्या गव्हाला हे लोक पिकल्ड म्हणतात. कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्याला लाल रंग घालतात. बर्नी मला तेच सांगत होता बोट वर करून. पेरा, पण खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका. मी मान हलवली. येस येस म्हटलं. मला वाटलं, तो मराठी बोलतोय.

वेदने लगेच तनयला फोन लावला. तनय हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये होता. तुला काल सकाळीच आणलं म्हणाला. वेदने त्या औषधाचं नाव बर्नीकडून घेऊन तिकडच्या डॉक्टरांना कळवलंय. बर्नी आमच्या अंगणात टोपी हातात धरून अर्धा तास उभा होता. मी त्याला चहा दिला. त्याची काय चूक?

आता जे लिहायचं आहे ते मलाच लिहिलं पाहिजे. ते कुंकू मी लावलं नव्हतं.

आणि लग्नात मी तुला चुकून वगळलं नव्हतं. मुद्दाम केलं. भास्कर गेला तेव्हा कोविडमुळे बॉर्डर बंद, मला सख्ख्या भावाचं तोंड बघता आलं नाही. तू फोनवर सांगितलंस, "शांतपणे गेले." तू जवळ होतीस आणि मी नव्हते, याचा राग मी दोन वर्षं धरून ठेवला, आणि लग्नाच्या मांडवात करंड्याने काढला. तुझी मान वाकलेली मी बघितली होती. बघून पुढे गेले. अल्बममधला तो फोटो मला पाठ आहे.

तू मला माफ केलंस ते मी न केलेल्या गोष्टीसाठी. त्यापायी तू विष प्यायलीस. मी काय करू ते मला कळत नाहीये.

नीरजा

०

स्कोफिल्ड्स
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

मी अस्मिता. माझं मराठी लिहिणं शाळेनंतर सुटलंय, चुका झाल्या तर सॉरी.

तुमचं एक्स्प्रेसने पाठवलेलं पत्र आज आलं. आधी आईंचं सांगते. सोमवारी घट बसवला, मंगळवारी सकाळी मी खाली आले तर त्या गॅरेजमध्ये पडलेल्या, हातात फवाऱ्याची बाटली. बोलता येत होतं पण शब्द घसरत होते. लिव्हरचे रिपोर्ट चांगले नाहीत. उजव्या हाताची पकड गेलीय. औषधाचं नाव कळल्यामुळे खूप फरक पडला असं डॉक्टर म्हणाले. पण आई इतके दिवस थोडं थोडं घेत होत्या, आणि या वयात, त्यामुळे पुढचं कुणी नक्की सांगत नाही. "लेट्स सी हाऊ द वीकेंड गोज" म्हणतात. तनय तिथेच असतो. मी दुपारी जाऊन बसते.

मला तुम्हाला एक सांगायचंय, तनयला पण मी कालच सांगितलं. मी तो रस एकदाही प्यायले नाही. मला वास सहन व्हायचा नाही. आई इतक्या प्रेमाने करायच्या की नाही म्हणता येईना. मी पेला घेऊन मागच्या दारात बसायचे आणि त्या आत वळल्या की लिंबाच्या झाडाला ओतायचे. मग पेला धुऊन ठेवायचे. बाळाचं स्कॅन कालच झालं, ओके आहे. मी रोज खोटं बोलले म्हणून बाळ ओके आहे, आणि त्याच वेळी आई गॅरेजमध्ये ते पाणी पीत होत्या. हे मला झेपत नाहीये आत्या. झाकणावरचं पिकल्ड मी वाचलं होतं. मला इंग्लिश येतं ना. मलाही लोणचंच वाटलं.

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. घाईत सुरुवातीचं सोडून आधी औषधाचं, बर्नीचं वाचलं. लग्नातलं पण. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पण "ते कुंकू मी लावलं नव्हतं" ही ओळ मी वाचली नाही, आणि शेवटचा भाग पण नाही. वाचणार होते, पण त्या मध्येच म्हणाल्या, "औषध असेल गं त्यात. पण वर कुंकू वन्संचं होतं." त्यांना वाटतंय की तुम्ही औषधाच्या गव्हावरच कुंकू लावलं, तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून. नर्स आली की तिला पण सांगतात, "माय सिस्टर-इन-लॉ, कुंकू." नर्स नो वरीज म्हणते.

म्हणून मी ती ओळ गाळली. डॉक्टरांना सगळं खरं माहीत आहे, त्यामुळे ट्रीटमेंटला काही फरक पडत नाही. फक्त आईंना ते एवढं माहीत नाही. सांगू की नको, तुम्ही ठरवा. मी आणखी एक खोटं माझ्या डोक्यावर घेऊ शकत नाही.

घट मी काढला नाही. तनय म्हणाला फेकून दे, मी नुसता उचलून वर कपाटावर ठेवला. चार दिवसांतच बोटभर वाढलाय. इतका हिरवा आहे की बघायची भीती वाटते.

अस्मिता

०

हॉर्शम
२९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अस्मिता,

वेद या कागदाचा फोटो काढून तुला आत्ताच पाठवेल. कागद नंतर पोस्टाने येईल, तो जपून ठेव.

रस ओतलास ते बरं केलंस. त्याबद्दल स्वतःला बोल लावशील तर मी येऊन कान धरीन. या सगळ्या प्रकरणात शहाण्यासारखं वागलेली तू आणि त्या मुंग्या. घटाची माती, दाणे, सगळं दोन पिशव्यांत बांधून बिनमध्ये टाक, विसर्जन वगैरे काही नको. देवाला मी सांगते काय सांगायचं ते. हात साबणाने धू.

ती ओळ तू वाचू नकोस. ती माझी आहे. मी येतेय. वेद मला गुरुवारी सकाळी मेलबर्नहून विमानात बसवतोय, दसऱ्याच्या दिवशी दुपारपर्यंत हॉस्पिटलमध्ये पोचेन. कानाच्या मशीनच्या चार जास्तीच्या बॅटऱ्या घेतल्यात. आता कुणीही काहीही बोललं तरी मला नीट ऐकू आलं पाहिजे.

करंडा पर्समध्ये ठेवलाय, तोच, लग्नातला. तुझ्या सासूला सगळं खरं सांगणार आहे मी, एक अक्षर लपवणार नाही. पण आल्या आल्या नाही सांगणार. आधी कुंकू लावेन, मग सांगेन. उलटं केलं तर ती म्हणेल, पकडल्या गेल्या म्हणून लावलं.

गुरुवारपर्यंत तिच्याजवळून हलू नकोस. विचारलंच तिने, तर सांग, वन्सं निघाल्या आहेत.

नीरजाआत्या